‘अजून काही घडलं नाही ना?’ : बेदाणा पट्ट्यातलं एक संरक्षण आदेशाचं प्रकरण

अर्जदार ताई छत्तीस वर्षांच्या. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, पदरात आठवीतली मुलगी. राहायला सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या द्राक्षपट्ट्यात, सासरच्या जुन्या वाड्यात. वाटणीत त्यांच्या नवऱ्याच्या वाट्याला अर्धा सोपा आणि एक माजघर आलं, पलीकडची बाजू चुलत दिराकडे गेली. चुली वेगळ्या झाल्या, लाइटचे मीटर वेगळे झाले. पण रस्त्यावरून आत येणारा बोळ एकच राहिला, मागचं परडं एकच राहिलं आणि न्हाणी त्या परड्यातच राहिली. पुढचं निम्मं प्रकरण या न्हाणीभोवती फिरतं.

ताई बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जातात. द्राक्षं रॅकवर वाळून उतरली की काड्या-देठ काढायचे, रंगाप्रमाणे माल वेगळा करायचा. हंगामात माल साचला की संध्याकाळचे सात-आठ वाजतात. शेड रानात, गावापासून लांब. वाटेवर दिवे नाहीत.

धोका दोन माणसांकडून होता. एक हा चुलत दीर. दुसरा शेडवरचा मुकादम. तो दिराचा दोस्त, पण ताईंच्या नात्यातला कोणी नाही. कायद्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा ठरला, म्हणून ताईंची वकील म्हणून तो सुरुवातीलाच सांगून ठेवते. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गाव, वय, काळ बदलला आहे आणि अशाच दुसऱ्या प्रकरणांतले काही तपशील यात मिसळले आहेत. कायद्याच्या बाजू जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

दिराचं वागणं असं. रात्री परड्याच्या दारावर थाप, ‘वहिनी, जाग्या आहात का?’ सकाळी ताई न्हाणीत गेल्या की हा माडीच्या जिन्यावर येऊन उभा. न्हाणीला छप्पर नाही. ‘एकटीनं किती दिवस काढणार?’ हे बोलणं येता-जाता. परड्याच्या दाराच्या कडीचे स्क्रू दोनदा सैल केलेले सापडले. आणि एकदा बोळात त्याने मनगट धरलं. समोरच्या काकूंनी हाक मारली म्हणून सोडलं. मुकादम निवडणीवर ताईंना मुद्दाम मागे ठेवायचा आणि मग गाडी हळूहळू त्यांच्या मागे आणायचा, ‘भाऊजींनी सोडायला सांगितलंय.’ रात्री अकराला त्याचे मेसेज यायचे.

पोलिसांत गेल्यावर विचारलं गेलं ते एवढंच : अजून काही घडलं नाही ना? अदखलपात्र नोंद (म्हणजे जिच्यावर पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत अशी) करून कागद हातात दिला. वास्तविक वाईट हेतूने मनगट धरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 74 खालचा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. पाठलाग आणि नको असताना सतत संपर्क साधणं कलम 78 मध्ये येतं. तोही दखलपात्र आहे, फक्त पहिल्या वेळी जामीनपात्र. आम्ही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 173 पोटकलम 4 प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवली आणि पुढे मनगट धरल्याचा गुन्हा दाखल झाला. पण फौजदारी गुन्हा कालच्या घटनेचा हिशेब मागतो. ताईंना भीती आज रात्रीची होती.

गावात तंटामुक्तीची बैठक बसली. बसलेल्यांपैकी बहुतेकांना खरोखरच मिटवायचं होतं, कोणी वाईट हेतूने आलं नव्हतं. तोडगा निघाला तो असा : पौर्णिमा जवळ आली आहे, वहिनीने राखी बांधावी, त्याने साडी द्यावी, विषय संपला. मला या तोडग्याची चीड येते. मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात आरोपीला जामीन देताना पीडितेकडून राखी बांधून घेण्याची अट घातली गेली होती. 18 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि आरोपीची पीडितेशी गाठ घालून देणारी किंवा तडजोड, माफी, लग्न सुचवणारी कोणतीही अट न्यायालयांनी घालू नये असं बजावलं. राखीमुळे त्याला उजळ माथ्याने तिच्या उंबऱ्यात उभं राहायचा परवाना मिळतो. ताईंनी बैठकीत एकच वाक्य उच्चारलं : ‘मला भाऊ नगं, मला कडी पायजे.’

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. लोक त्याला नवरा-बायकोच्या भांडणाचा, पोटगीचा कायदा समजतात. त्याच्या कलम 3 मध्ये लैंगिक छळ स्वतंत्रपणे लिहिला आहे : स्त्रीची अवहेलना करणारं, तिच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारं लैंगिक स्वरूपाचं कोणतंही वर्तन. आणि कलम 18 मध्ये दंडाधिकाऱ्यांना संरक्षण आदेश द्यायला पुरेसं काय, तर हिंसा घडली आहे ‘किंवा घडण्याची शक्यता आहे’ असं प्रथमदर्शनी वाटणं. कलम 23 मध्ये एकतर्फी अंतरिम आदेशासाठीही हीच शक्यता पुरते. शपथपत्रावर तो देता येतो. म्हणजे पोलिसांनी जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर ‘नाही’ असलं तरी या कायद्याचं दार उघडंच असतं. अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे चालत असला तरी मिळणारे दिलासे दिवाणी स्वरूपाचे आहेत आणि कलम 26 प्रमाणे तेच दिलासे दिवाणी किंवा कौटुंबिक न्यायालयात चालू असलेल्या कामातही मागता येतात. तालुक्याला बहुतेक ठिकाणी दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी एकच असतात. त्यामुळे सकाळी अर्ज आणि दुपारी दावा त्याच न्यायाधीशांपुढे उभा राहतो.

शक्यता पुरते म्हटलं तरी ती कागदावर दिसावी लागते, आणि बहुतेक अर्ज तिथेच फसतात. ‘जाबदेणार वाईट नजरेने पाहतो, अर्जदाराच्या जिवाला व अब्रूला धोका आहे’ हे वाक्य मी शेकडो अर्जांत वाचलं आहे (जाबदेणार म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो). त्यावरून न्यायाधीशांना काहीच दिसत नाही. कोणाला, कुठून, किती वाजता थांबवायचं?

म्हणून आम्ही ताईंबरोबर बसून वाड्याचा कच्चा नकाशा काढला. त्या आधी वैतागल्या. ‘मॅडम, भ्या वाटतंय म्हणून किती येळा सांगू?’ मग बोट ठेवून सांगू लागल्या : इथं जिना, इथनं न्हाणी दिसते, इथं तो चपला काढून उभा राहतो म्हणजे आवाज येत नाही. हे चपलांचं त्यांनी आधी कोणालाच सांगितलं नव्हतं. सावधपणे आखून केलेलं वागणं आहे हे त्या एका तपशिलातून जेवढं कळतं, तेवढं पानभर विशेषणांतून कळत नाही. शपथपत्रात ते जसंच्या तसं गेलं. सैल स्क्रूंचा मुलीने काढलेला मोबाइलमधला फोटो, मुकादमाचे मेसेज, काकूंचं शपथपत्र जोडलं. कायद्याच्या नियमांत सुरक्षा आराखड्याचा एक नमुना आहे, नमुना 5. कोणत्या प्रकारच्या हिंसेची भीती, ती टाळायला काय हवं, न्यायालयाकडून कोणता आदेश हवा असे रकाने त्यात असतात. संरक्षण अधिकाऱ्यांनी, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यांनी, तो ताईंसमोर बसून भरायचा असतो. इथे त्यांनी तो मनापासून भरला आणि अर्जातल्या मागण्या त्या रकान्यांवरून उतरल्या.

खरी हरकत आली ती नात्याची. दिराच्या वकिलांचं म्हणणं : चूल वेगळी, वाटणी झालेली, अर्जदार आमच्या घरात राहतच नाही; मग कौटुंबिक नातेसंबंध कसला? कायदा लागूच होत नाही. हा मुद्दा फालतू नव्हता. आपल्याकडे भावकी म्हणजे एका आडनावाची शंभर घरं. ती सगळी काही या कायद्यात येत नाहीत. पण कलम 2(एफ) ची व्याख्या फक्त आज एकत्र राहणाऱ्यांपुरती नाही. रक्ताने, लग्नाने किंवा एकत्र कुटुंबातले सदस्य म्हणून जोडलेल्या आणि सामायिक घरात ‘कोणत्याही वेळी’ एकत्र राहिलेल्या माणसांचं नातं तिच्यात येतं. ताई लग्न होऊन आल्या तेव्हा वाडा एकत्र होता आणि त्यांनी पहिली सहा वर्षं या दिरासाठीही भाकऱ्या थापल्या होत्या. हे दाखवायला दोन कागद कामी आले. जुनं रेशनकार्ड, त्यात दोघांची नावं एकाखाली एक. आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, ज्यावर वाटणीनंतरही घरपट्टी सामायिकच दाखवली होती. 12 मे 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच व्याख्या रुंद धरली आहे. अर्ज करताना नातं चालूच असलं पाहिजे असं नाही, पूर्वी कधी असलं तरी चालतं. त्या प्रकरणातल्या अर्जदारही विधवाच होत्या. संरक्षण अधिकाऱ्याचा घटना अहवाल नसला म्हणून अर्ज अडवून धरता येत नाही, हेही त्याच निकालात आहे.

चुलत सासूबाईंना जाबदेणार क्रमांक 2 केलं. परड्याच्या दाराची एक जुनी किल्ली त्यांच्याकडे होती आणि ती मुलाच्या हातात त्यांच्याकडूनच जायची. मूळ कायद्यात जाबदेणार म्हणजे ‘प्रौढ पुरुष’ असं होतं. 6 ऑक्टोबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते शब्द काढून टाकले, म्हणून हे शक्य झालं. म्हाताऱ्या बाईला कोर्टात ओढल्याबद्दल गावाने ताईंना नावं ठेवली. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो, कारण किल्ली परत आली ती त्या नोटिशीनंतरच.

कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात अंतरिम आदेश तिसऱ्या आठवड्यात मिळाला. पण मिळाला तो कामाचा मिळाला.

दिराला परड्यात आणि बोळात पाय ठेवायला साफ बंदी आम्ही मागितलीच नाही. त्याचीही तिथून वहिवाट आहे. तशी मागणी न्यायालयाने फेटाळली असती, किंवा मान्य करूनही ती वरच्या कोर्टात टिकली नसती. मागितलं ते हे : बोळातून फक्त ये-जा, ताईंच्या दारापुढे थांबायचं नाही. पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी सातनंतर परड्यात व परड्याकडच्या जिन्यावर यायचं नाही. ताईंच्या वाट्याच्या खोल्यांत आणि न्हाणीत कधीच नाही. शेडवर आणि मुलीच्या शाळेच्या आसपास जायचं नाही. स्वतः, फोनवरून, मेसेजने किंवा दुसऱ्याच्या तोंडून निरोप पाठवायचा नाही. ताईंना किंवा त्यांना मदत करणाऱ्या कोणालाही त्रास द्यायचा नाही. हे कलम काकूंसाठी होतं. न्हाणीला पत्र्याचा आडोसा आणि छप्पर घालायला हरकत घ्यायची नाही. कलम 18 आणि 19 मध्ये या सगळ्याला आधार आहे. कलम 19 खाली पोलीस ठाण्याला अंमलबजावणीसाठी मदतीचे निर्देशही मागितले. घड्याळाच्या वेळा आदेशात आल्या याचं मोल मोठं आहे. रात्री साडेनऊला तो जिन्यावर दिसला, तर हवालदाराला वाद ऐकत बसावं लागत नाही. आदेश आणि घड्याळ, दोन्ही समोर असतात.

आदेशाची प्रत कलम 24 प्रमाणे मोफत मिळते. एक प्रत ताईंच्या पर्समध्ये, एक काकूंकडे, एक शाळेत मुख्याध्यापकांकडे आणि एक पोलीस ठाण्यात पोच घेऊन दिली.

आता मुकादम. त्याच्याशी ताईंचं ना रक्ताचं नातं ना लग्नाचं, त्यामुळे 2005 चा कायदा त्याला लागू होत नाही. आपल्या व्यवस्थेतली मोठी पोकळी इथे आहे आणि ती उघड बोललं पाहिजे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 2004 पासून लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीला, अत्याचार करणारा नात्यातला असो वा परका, दिवाणी न्यायालयातून ‘संपर्कबंदी आदेश’ घेता येतो. इंग्लंडमध्ये 2015 पासून पोलीसच, आधी शिक्षा झालेली नसतानाही, धोकादायक माणसाविरुद्ध लैंगिक जोखीम आदेश मागू शकतात. आपल्याकडे परक्या पुरुषाविरुद्ध असा तयार साचा नाही. फौजदारी तक्रार आहे, प्रतिबंधक कारवाईत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे चांगल्या वर्तणुकीचा बाँड आहे, आणि दिवाणी न्यायालयातला जुना मनाई हुकूम आहे. तिसऱ्या वाटेने फार कमी वकील जातात. आम्ही गेलो.

कायम मनाईचा दावा विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 38 खाली लावला आणि सोबत तूर्तातूर्त, म्हणजे दावा चालू असेपर्यंतच्या, मनाईचा अर्ज (कोर्टाच्या भाषेत निशाणी 5) दिला, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 खाली. मुकादमाच्या वकिलांनी लगेच 1963 च्या त्याच अधिनियमाचं कलम 4 दाखवलं : फौजदारी कायद्याची अंमलबजावणी म्हणून असा अनुतोष (दिलासा) देता येत नाही, गुन्हा असेल तर पोलिसांत जा. याला उत्तर दाव्याच्या मांडणीतच हवं, नाहीतर दावा उभा राहत नाही. आम्ही गुन्हा शब्द टाळला. आपल्या शरीराला कोणी हात लावू नये, कामावर निर्धास्त जाता-येता यावं, आपला फोन आपल्याला छळायला वापरला जाऊ नये, हे ताईंचे नागरी हक्क. त्यांचा भंग होऊ घातला आहे आणि झाल्यावर पैशाने भरून निघणार नाही, अशी मांडणी केली. प्रथमदर्शनी केस, सोयी-गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारं नुकसान या तीन कसोट्या मेसेजच्या छापील प्रती आणि शेडच्या हजेरीपटावर बसवल्या. तोल इतका उघड होता की युक्तिवाद थोडक्यात आटोपला : या बाईच्या मागे गाडी न नेल्याने मुकादमाचं काय बिघडणार आहे?

न्यायालयाने एकतर्फी हुकूम दिला नाही, नोटीस काढली. मुकादम हजर झाला आणि ‘आरोप मान्य नाहीत, पण मी वादीच्या वाटेला जाणार नाही’ अशी पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली. अशा वेळी पक्षकार हुरळतात आणि वकीलही काम उरकतात. पुरसीस नुसती फाइलला लागू देऊ नये. ती नोंदवून तिच्यावर आदेश करून घ्यावा. आदेश असला तर भंग झाल्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 नियम 2-ए खाली मालमत्ता जप्तीची आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेची मागणी करता येते. नुसत्या कागदावर वाद घालत बसावं लागतं. इथे आदेश झाला. त्यात पाठलाग, फोन, मेसेज आणि शेड ते गाव ही वाट, सगळं नाव घेऊन आलं.

तरी दोन आदेशांच्या ताकदीत फरक आहे, तो ताईंना स्पष्ट सांगितला. दिराने आदेश मोडला तर 2005 च्या कायद्याच्या कलम 31 खाली तो स्वतंत्र गुन्हा : एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, दखलपात्र आणि अजामीनपात्र, आणि कलम 32 प्रमाणे एकट्या अर्जदार स्त्रीच्या साक्षीवरही न्यायालय निष्कर्ष काढू शकतं. मुकादमाने दिवाणी हुकूम मोडला तर पोलीस तेवढ्या कारणावरून त्याला उचलू शकत नाहीत. पुन्हा कोर्टात अर्ज, पुन्हा तारीख. पोलीस मदतीचे निर्देश दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 151 खाली मागता येतात, ते आम्ही मागून ठेवले आहेत. त्याच जोडीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडेही कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याखाली तक्रार दिली, कारण शेडवर दहापेक्षा कमी माणसं कामाला असतात. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत ती द्यावी लागते. समितीच्या शिफारशीवरून मालकाने मुकादमाला दुसऱ्या शेडवर हलवलं. खरं सांगायचं तर ताईंची संध्याकाळ हलकी झाली ती या बदलीमुळे.

या सगळ्याला ताईंना पैसे पडले नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हिंसाचाराशी संबंधित कामांत स्त्रियांना कोर्ट फी माफ असल्याची राज्याची 1994 ची अधिसूचना आहे. खर्च झाला तो बुडालेल्या हजेरीचा.

आदेशानंतर दीड-दोन महिने शांततेत गेले. मग चुलत सासूबाई वाटीभर आमटी घेऊन आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, केस काढून घे, नाहीतर पोरीच्या लग्नात आडवा येईन म्हणतोय. ताईंना वाटलं, हे तर बाईमाणसाचं बोलणं, यात कसला भंग? पण दुसऱ्याच्या तोंडून निरोप नको, हे आदेशात लिहिलेलं होतं. तो निरोप तारीख-वारासह संरक्षण अधिकाऱ्यांना लेखी कळवला. आठवड्याने रात्री दहाच्या पुढे परड्याचं दार वाजलं. मुलीने 112 लावला, आदेशाची प्रत खिडकीतून गाडीतल्या पोलिसांच्या हातात दिली. दीर जिन्यावरच सापडला. कलम 31 खाली गुन्हा दाखल झाला. सरकारी वकिलांनी जामिनाला विरोध करताना आमटीच्या दिवशीचं ते पत्र दाखवलं. चार दिवसांनी जामीन मिळाला, तो केस संपेपर्यंत गावाबाहेर बहिणीकडे राहण्याच्या अटीवर. साक्षीदार संरक्षण योजना, 2018 मध्ये विनयभंग आणि पाठलागाचे गुन्हेही धरले आहेत, म्हणून काकूंसाठी जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज दिला आहे.

मुख्य अर्जात दिराची कैफियत (लेखी उत्तर) आली आहे आणि नात्याची हरकत अंतिम निकालासाठी खुली ठेवली आहे. दिराच्या बाजूने वाटणीपत्राची नक्कल हजर झाली आहे. तिची तारीख लग्नानंतरच्या सातव्या वर्षाची आहे, जी आमच्याच उपयोगाची. ताईंचा उलटतपास बाकी आहे. तो बंद दालनात व्हावा म्हणून 2005 च्या कायद्याच्या कलम 16 खाली अर्ज दिला आहे, आणि न्हाणीबद्दलचे प्रश्न त्यांना नेमके कसे विचारले जातील याची तयारी त्यांच्यासोबत सध्या चालू आहे.